ड्युटी सांभाळून नाताळच्या साठ कुकीज: शंकरपाळ्याचं मोहन आणि फ्रीजमधले दोन रोल

धुळ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या परिचारिका आहेत, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. नाताळात चर्चमध्ये, वॉर्डात आणि बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांना वाटायला साठेक कुकीज घरीच करायच्या आहेत. शेजारी शाकाहारी, म्हणून अंडं नको. घरात पंचवीस लिटरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन आहे. गेल्या वर्षी 24 तारखेला रात्री जागून सगळं एकाच बैठकीत केलं, तर अर्ध्या कुकीज ट्रेमध्ये पसरून एकमेकींना चिकटल्या आणि नीट झालेल्या होत्या त्या, सगळे प्रकार एकाच डब्यात ठेवलेले, दोन दिवसांत सादळल्या. कमी वेळात, खात्रीने होईल असं काय करावं, असं त्या विचारतात.

ताई, मी अठरा वर्षं जळगावात घरून बेकिंग करते. माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं आणि कुकीज मी तिथेच शिकले, शेजारच्या आंटींकडून. त्यांचे मिस्टर इंजिन ड्रायव्हर. गाडी कधी येणार आणि साहेब घरी कधी पोहोचणार याचा काही नेम नसायचा, त्यामुळे आंटींचं नाताळचं सगळं काम तुकड्यातुकड्यांत चालायचं. एका रात्री गोळा, दुसऱ्या दिवशी जमेल तेव्हा एक ट्रे, तिसऱ्या दिवशी दोन. तुमच्या बदलत्या शिफ्टला हीच पद्धत चालेल, म्हणून तीच सविस्तर सांगते.

आधी वेळ जातो कुठे ते बघा. कुकी भाजायला वीस मिनिटं लागतात आणि त्या वीस मिनिटांत तुम्ही मोकळ्या असता. वेळ खातं ते बटर मऊ होण्याची वाट बघणं, फेटणं, लाटणं, साच्याने कापणं, उरलेलं परत गोळा करून परत लाटणं आणि शेवटी पिठाने माखलेला ओटा पुसणं. त्यात चार प्रकार करायचे म्हणून चार वेगळे गोळे केले की हे सगळं चारदा. म्हणून गोळा एकच करायचा. लाटणं आणि साचे या गोळ्याला लागतच नाहीत.

त्या एका गोळ्याचं माप पाठ करून ठेवा: वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडचं हे जुनं माप आहे. साठ कुकीजसाठी 200 ग्रॅम पिठीसाखर, 400 ग्रॅम बटर आणि 600 ग्रॅम मैदा घ्या. सगळं मिळून बाराशे ग्रॅमचा गोळा होतो आणि वीस ग्रॅमची एक कुकी धरली तर बरोबर साठ. अंडं यात मुळातच नाही, त्यामुळे शेजाऱ्यांचा प्रश्न तिथेच मिटला. वजनकाटा नसेल तरी अडत नाही. बटरची शंभर ग्रॅमची चार पाकिटं घ्या. 240 मिलिलिटरच्या मापाच्या कपात चाळलेला मैदा साधारण 125 ग्रॅम बसतो, म्हणजे पावणेपाच कपांना थोडा जास्त, आणि पिठीसाखर पावणेदोन कपांना थोडी कमी. तरी माझं ऐकाल तर एक साधा स्वयंपाकघरातला काटा घेऊन टाका. कुकीजमध्ये होणाऱ्या निम्म्या चुका वाटीच्या मापाने होतात, कारण दाबून भरलेल्या वाटीत आणि सैल भरलेल्या वाटीत बराच फरक पडतो.

बटर बिनमिठाचं मिळालं तर उत्तम. गावात पिवळं, खारं बटरच मिळत असेल तर निम्मं ते आणि निम्मं बिनमिठाचं घ्या. सगळं खारं घेतलं तर जिभेला मीठ कळतं. घरचं लोणी वापरायचं असेल तर ते थंड पाण्यात दोनतीनदा धुऊन, दाबून पाणी काढा. घरच्या लोण्यात ताक आणि पाणी राहतं. ते मैद्याला लागलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि कुकी कडक होते. वनस्पती तूप मात्र घेऊ नका. स्वस्त पडतं आणि आकारही छान राहतो, पण टाळूला त्याचा थर बसतो आणि दुसरी कुकी खावीशी वाटत नाही.

आता आपल्याकडच्या थंडीचं. पाककृतीत लिहिलेलं असतं, बटर बाहेर काढून ठेवा, मऊ झालं की साखरेबरोबर फेटा. डिसेंबरात धुळ्या-जळगावात रात्रीचं तापमान कितीतरी वेळा दहा अंशांखाली जातं. सकाळी सहाला ड्युटीवरून आल्यावर ओट्यावरचं बटर दगडासारखं असतं. मग घाईत आपण ते गॅसवर धरतो, अर्धं वितळतं आणि तिथेच कुकीज पसरण्याची सुरुवात होते. वितळलेलं बटर पुन्हा थंड केलं तरी मऊ बटरसारखं फेटलं जात नाही. ते मैद्यातून लगेच सुटतं आणि ओव्हनची ऊब लागताच कुकी सपाट होते. तुमच्या बऱ्याचशा कुकीज पसरल्या त्याचं कारण मला हेच दिसतं.

म्हणून फेटायचंच नाही. बटर फ्रीजमधून काढा आणि घट्ट असतानाच किसणीच्या मोठ्या भोकांवर थेट मैद्यात किसा. किसताना बटर कागदासकट धरलं तर हाताच्या उबेने सुटत नाही. सगळं किसून झालं की बोटांच्या टोकांनी मैद्याला चोळा, अगदी शंकरपाळ्याला मोहन चोळतो तसं. मूठ दाबली की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोकरला की फुटला पाहिजे. ही परीक्षा तुम्हाला आईने शिकवली असेलच, कुकीलाही हीच लागू पडते. मैद्याच्या कणाभोवती आधी स्निग्ध थर बसला की त्याला पाणी मिळत नाही, चिवटपणा येत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. चिरोटे, शंकरपाळे, शॉर्टब्रेड, तिन्हींचं मर्म इथेच आहे. मग पिठीसाखर मिसळा, एक चमचा व्हॅनिला किंवा वेलचीपूड घाला आणि दोन ते तीन चमचे थंड दूध शिंपडत गोळा नुसता एकत्र आणा. मळायचा नाही. पोळीच्या कणकेसारखा मळलात तर सगळं चोळणं वाया गेलं. दहा-बारा मिनिटांचं काम आहे आणि परात सोडून दुसरं भांडं खराब होत नाही.

सोडा किंवा बेकिंग पावडर यात घालू नका. खुसखुशीतपणासाठी सोडा लागतो हा समज आपल्याकडे नानखटाईमुळे पक्का बसला आहे. नानखटाईचं मूळ सुरतेच्या जुन्या बेकऱ्यांशी जोडतात आणि सुरत-भुसावळ लाइनवर वाढलेल्या आम्हा मंडळींना ती घरचीच वाटते. पण तिला वरून तडे हवे असतात आणि ती फुलायला हवी असते, म्हणून तिच्यात सोडा. आपल्याला कुकीचा आकार जिथल्या तिथे राहायला हवा. सोडा घातला की ती फुलते आणि फुलताना बाजूला सरकतेच.

तूप वापरून करायच्या असतील तर चारशे ग्रॅम बटरऐवजी सव्वातीनशे ग्रॅम घट्ट, रवाळ तूप घ्या. बटरमध्ये साधारण ऐंशी टक्केच स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. तूप म्हणजे जवळजवळ सगळा स्निग्धांशच. दूध एखादा चमचा वाढवा. कुकी नानखटाईच्या जवळ जाईल, थोडी भुसभुशीत होईल, पण वास फार छान येतो. आमच्या घरात म्हाताऱ्या माणसांना याच आवडतात.

गोळ्याचे चार भाग करा, प्रत्येकी तीनशे ग्रॅमचे. इथून चार प्रकार निघतात.

पहिल्या भागात मूठभर टुटीफ्रुटी. ती आधी टिश्यूने कोरडी करून चमचाभर मैद्यात घोळा, नाहीतर तिचा पाक सुटून कुकीला चिकट डाग पडतात. दुसऱ्या भागात पंधरा ग्रॅम कोको आणि चमचाभर दूध. हे दोन्ही भाग वळून रोल करा, पावणेदोन इंच जाड आणि पंधरा-सोळा सेंटीमीटर लांब. बटर पेपरमध्ये गुंडाळून दोन्ही टोकं चॉकलेटच्या कागदासारखी पिळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. निदान दोन तास. तुमच्या बाबतीत सरळ दुसऱ्या दिवसापर्यंत. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस आणि फ्रीझरमध्ये महिनाभर काही होत नाही. ड्युटीवरून आलात, ओटीजी तापायला लावला, रोल काढून धारदार सुरीने एक सेंटीमीटर जाडीचे काप केले की ट्रे तयार. रोलचा तळ ठेवून ठेवून चपटा होतो, म्हणून प्रत्येक कापानंतर रोल थोडा फिरवा. काप गोल पडतात.

तिसरा भाग मला सगळ्यांत आवडतो. ऑस्ट्रियात नाताळला चंद्रकोरीच्या आकाराची एक कुकी करतात, व्हॅनिलकिप्फर्ल म्हणतात तिला. तिच्यात बदाम किंवा अक्रोडाचं कूट असतं. आपण खानदेशात, आपल्याकडे शेंगदाणा. साठ ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, पूर्ण गार करा, सालं पाखडून काढा आणि चमचाभर मैदा घालून मिक्सरला थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो. हे कूट तिसऱ्या भागात मिसळा, वीस-वीस ग्रॅमच्या गोळ्या करून बोटभर लांब वळा आणि चंद्रकोरीसारख्या वाकवा. अठरा तरी होतील. भाजून कोमट असतानाच पिठीसाखरेत घोळायच्या, म्हणजे साखर धरून राहते. गरम असताना घोळल्या तर साखर विरघळते आणि गार झाल्यावर घोळल्या तर झडते. आमच्या ओळखीच्या एका आजींना पहिल्यांदा दिल्या तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी डबा परत पाठवला आणि अहिराणीत निरोप दिला, ‘बठ्ठा डबा सरी गया’, म्हणजे सगळा डबा संपला. आजही त्या घरी डबा भरून जातो तो चंद्रकोरींचाच.

चौथ्या भागाच्या गोळ्या करा, मध्ये अंगठ्याने खळगा पाडा. मुलं असतील घरात तर हे काम त्यांना द्या, त्यांचा अंगठा बरोबर मापाचा असतो. आधी दहा मिनिटं नुसत्या भाजा, बाहेर काढून खळगा चमच्याच्या टोकाने परत दाबा, त्यात अर्धा चमचा जॅम घाला आणि पुन्हा आठ मिनिटं भाजा. सुरुवातीलाच जॅम घातला तर तो उकळून कडेला वाहतो. या दिवसांत पेरू भरपूर असतात. पेरूचा गर गाळून, साखर घालून, पळीवरून तुकड्यात पडेपर्यंत आटवला तर बाजारच्या जॅमपेक्षा कितीतरी छान लागतो. पण ते वेगळं तासाभराचं काम आहे. तुमच्याकडे वेळ नसेल तर या वर्षी बाटलीतलाच जॅम वापरा.

जळगाव जिल्ह्यातली म्हणून मला दर डिसेंबरला केळ्याच्या कुकीज मागणारे भेटतात. आपल्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण पिकलेलं केळं म्हणजे पाणी. ते घातलेली कुकी केकसारखी मऊ होते आणि दुसऱ्या दिवशी चिकट. त्याच दिवशी खायची असेल तर करा, डब्यात भरून वाटायला नको. केळ्याचा स्वाद हवाच असेल तर वाळवलेल्या केळ्याचे बारीक तुकडे टुटीफ्रुटीच्या जागी घाला.

दादर ज्वारीचं पीठ घालून बघा असं मात्र आवर्जून सांगेन. सहाशे ग्रॅम मैद्यापैकी दीडशे ग्रॅम काढून तेवढं दादर ज्वारीचं बारीक चाळलेलं पीठ घाला. कुकीला रवाळपणा येतो आणि कोको किंवा शेंगदाण्याबरोबर ते फार जमतं. पावपटीपेक्षा जास्त घालू नका. ज्वारीच्या पिठाला मैद्यासारखी ओढ नसते, त्यामुळे काप करतानाच भुगा होतो. बाजरीचं पीठ मी एकदाच वापरलं. ते जुनं होताच कडवट होतं आणि भाजल्यावर तो कडवटपणा जास्तच कळतो.

आता भाजणं. ओटीजी 160 अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, पंधरा मिनिटं आधी तापवा. दहा मिनिटांत दिवा बदलला तरी आतली हवाच तापलेली असते, भिंती तापलेल्या नसतात. पहिला ट्रे ठेवायला दार उघडलं की तापमान खाली येतं आणि तेवढ्यात कुकी भाजण्याआधी वितळायला लागते. ट्रेला तेल-तूप लावायचं नाही, बटर पेपर पुरे. तुपकट ट्रेवर कुकी घसरून पसरते. ट्रे मधल्या खणात ठेवा. तळ लवकर करपत असेल तर दोन ट्रे एकावर एक ठेवून वरच्यात कुकीज लावा, खालच्या कॉइलची धग कमी होते. पंचवीस लिटरच्या ओटीजीत एका वेळी बारा बसतात, दोन बोटं अंतर ठेवून. म्हणजे पाच खेपा. प्रत्येक खेप अठरा ते वीस मिनिटं. सगळं मिळून दोन तासांच्या आत, तेही दोन-तीन दिवसांत विभागून. विजेचा हिशेब लागत असेल तर पंधराशे वॅटचा ओटीजी दोन तास अखंड चालला तरी तीन युनिट होतात, आणि तो अखंड चालत नाही, मध्ये मध्ये बंद होतो.

दुसऱ्या खेपेसाठी गरम ट्रेवर थंड काप ठेवू नका. तळ लगेच वितळतो. दोन ट्रे असतील तर आळीपाळीने वापरा. एकच असेल तर भाजलेल्या कुकीज काढल्यावर ट्रे नळाखाली उलटा धरून पुसून घ्या. पण त्या आधी पाच मिनिटं कुकीज ट्रेमध्येच राहू द्या. ओव्हनमधून काढलेली कुकी मऊच असते. कच्ची राहिली असं समजून ती परत आत घालणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे, आणि मग गार झाल्यावर ती दाताने तुटत नाही. कडा फिकट सोनेरी आणि मध्य पांढराच दिसला की काढायची. कोकोच्या कुकीचा रंग कळत नाही. तिथे कडेला बोटाने हलकं दाबून बघा, कड दबली नाही पण मध्य किंचित दबला तर झाली.

वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे. पहिल्या सहा-सात मिनिटांत गेली तर ट्रे काढून थंड जागी ठेवा, वीज आली की ओटीजी पुन्हा तापवून भाजा. बारा-तेरा मिनिटं झाली असतील तर दार अजिबात उघडू नका. आतल्या धगीवर दहा-बारा मिनिटांत कुकी पुरी होते, रंग थोडा फिका राहतो इतकंच. भारनियमनाची वेळ ठरलेली असेल त्या भागात मी सरळ जाड बुडाचं पातेलं वापरते. तळाला मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचं, मग ताटलीत कुकीज लावून आच बारीक करायची. बावीस-पंचवीस मिनिटं लागतात. एका वेळी सहा-सात होतात, पण चवीत कमी नाहीत. तेच मीठ वर्षभर त्याच कामाला वापरता येतं.

जवळ भट्टी असेल तर तोही मार्ग आहे. आपल्याकडे पीठ, साखर, तूप घेऊन बेकरीवर बिस्किटं पाडून आणायची पद्धत अजूनही बऱ्याच गावांत आहे. पण पाव भाजायच्या वेळी जाऊ नका. भट्टी तेव्हा फार तापलेली असते आणि शॉर्टब्रेड दहा मिनिटांत काळं पडतं. पाव निघून गेले, धग उतरली की भट्टीवाल्याला विनंती करा. कुकीज पातळ पत्र्यावर न ठेवता जाड पत्र्यावर ठेवायला सांगा आणि स्वतः तिथे उभ्या राहा.

आता सादळण्याचं. यात मी स्वतः मोठा धडा घेतलेला आहे. 2011 च्या डिसेंबरात भुसावळच्या एका कुटुंबाची मोठी ऑर्डर होती, दोनशे कुकीज. रात्री दीडला शेवटचा ट्रे निघाला आणि मी कोमट असतानाच सगळ्या पत्र्याच्या डब्यांत भरून टाकल्या. सकाळी झाकण उघडलं तर आतून थेंब जमलेले आणि वरचा थर ओल्या पावासारखा. थंडीच्या रात्री डब्याचा पत्रा गार पडतो, कुकीची वाफ त्यावर जाऊन पाणी होते. मी ऑर्डरच्या घरी जाऊन खरं सांगितलं, संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला आणि सगळ्या परत भाजल्या. तेव्हापासून जाळीवर पूर्ण दीड तास गार झाल्याशिवाय एकही कुकी मी डब्यात घालत नाही. तुमच्याकडे जाळी नसेल तर पुरण गाळायची मोठी चाळणी उलटी घाला, तिच्यावर ठेवा.

सादळलेल्या कुकीज टाकू नका. 140 अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवून बाहेर पूर्ण गार होऊ दिल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. फक्त जॅमच्या आणि पिठीसाखरेत घोळलेल्यांना हा उपाय चालत नाही. म्हणूनच जॅमच्या कुकीज नेहमी वेगळ्या डब्यात ठेवायच्या. जॅमचा ओलावा शेजारच्या कोरड्या कुकीत उतरतो. तुमच्या गेल्या वर्षीच्या डब्यात सगळे प्रकार एकत्र होते असं तुम्ही लिहिलंय, ते त्यात भरीला पडलं असणार. कोरड्या कुकीज घट्ट झाकणाच्या डब्यात तीन आठवडे छान राहतात, जॅमच्या चार दिवसांत संपवा.

सजावटीवर वेळ घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. रंगीत आइसिंगची नक्षी दिसते सुंदर, पण ती वाळायला सहा-सात तास लागतात आणि तोंडात नुसती साखर येते. शंभर ग्रॅम बारीक चाळलेल्या पिठीसाखरेत तीन-चार छोटे चमचे लिंबाचा रस घालून दाटसर करा आणि काट्याने कुकीवर तिरप्या रेघा ओढा. अर्ध्या तासात वाळतं. किंवा डार्क कंपाउंड चॉकलेट गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवा आणि कुकी अर्धी बुडवून बटर पेपरवर ठेवा. आपल्या डिसेंबरात ते दहा मिनिटांत घट्ट होतं, फ्रीज लागत नाही. वाटीत पाण्याचा एक थेंबही जाऊ देऊ नका, चॉकलेट लगेच गाठाळतं.

एखादी रात्र जास्तीची मिळाली तर सुंठ-गुळाच्या चांदण्या करा. नाताळचा खरा वास मला त्यांचाच वाटतो. जर्मनीकडच्या मसाल्याच्या कुकीज मधाच्या, इंग्लंडकडच्या काकवीसारख्या पाकाच्या, आणि भुसावळच्या आंटी त्यात आपला गूळ घालायच्या. शंभर ग्रॅम बटर आणि शंभर ग्रॅम बारीक किसलेला गूळ एकत्र मंद गॅसवर नुसता विरघळवा, कोमट होऊ द्या. हे बटर आपण मुद्दाम वितळवतोय, कारण हा गोळा पुढे थंड करून लाटायचा आहे. दोनशे ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, दीड चमचा सुंठ, एक चमचा दालचिनी, पाव चमचा लवंगपूड आणि किंचित जायफळ एकत्र चाळा. त्यात गुळाचं मिश्रण आणि लागलं तर चमचाभर दूध घालून गोळा करा. इथे सोडा चालतो, कारण गुळात थोडी आंबट बाजू असते, सोडा तिच्याशी काम करतो आणि रंगही खुलतो. गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवा, दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये पाव इंचापेक्षा थोडं पातळ लाटा, चांदणीच्या साच्याने कापा. ओटा खराब होत नाही. 165 अंशांवर दहा मिनिटं, अकराव्या मिनिटाला डोळा ठेवा, गूळ पटकन करपतो. या चांदण्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगल्या लागतात, मसाला मुरतो. त्यामुळे त्या सगळ्यांत आधी, 18-19 तारखेलाच करून ठेवल्या तरी चालतात.

तुमच्या आठवड्याला बसेल असा क्रम मी असा लावेन. 20 तारखेच्या आसपास ज्या रात्री घरी असाल तेव्हा बाराशे ग्रॅमचा गोळा करून चारही भाग तयार करा, अर्धा-पाऊण तास. चंद्रकोरी आणि खळग्याच्या गोळ्याही त्याच वेळी वळून डब्यात थर देऊन फ्रीजमध्ये ठेवल्या तर पुढे हात पिठात घालावाच लागत नाही. 22 ला दोन्ही रोल कापून भाजा, कोरड्या कुकीज आधी झालेल्या बऱ्या. 23 ला चंद्रकोरी. खळग्याच्या मात्र 24 लाच, म्हणजे जॅम ताजा राहतो आणि 25 ला सकाळी चर्चला निघताना नरम पडलेल्या नसतात. नाइट शिफ्ट आली तर भाजणं सकाळी आल्यावर करा. ओटीजी तापेपर्यंत अंघोळ होते.

वॉर्डात न्यायचा डबा भरताना कुकीज आडव्या न रचता उभ्या लावा, नाण्यांच्या गड्डीसारख्या, आणि रिकाम्या जागेत चुरगळलेला बटर पेपर कोंबा. छापील वर्तमानपत्र नको, शाई अन्नाला लागते. मी नवापूर-चिंचपाड्याकडच्या एका ओळखीच्या घरी दर नाताळाला एसटीने डबा पाठवते. अशा उभ्या लावलेल्या कुकीज आजवर फुटलेल्या पोहोचल्या नाहीत. चंद्रकोरी नाजूक असतात. त्या डब्याच्या सगळ्यांत वरच्या थरात ठेवा आणि वरून पिठीसाखर वॉर्डात पोहोचल्यावर भुरभुरवा.